पांढरी बट

२ ऑक्टोबर २०००, सोमवार

आले एकदाची! माझा सगळा संसार अल्डोनाच्या पिकअपमध्ये मावला: दोन खोकी, एक गादी आणि आईचं शिलाई मशीन. आमच्या गावाहून, टमॅक्वाहून, इथवर जेमतेम तासाभराचा रस्ता, पण धाकट्या बहिणीला सोडायला निघाल्याचा उमाळा अल्डोनालाच जास्त, त्यामुळे वाटेत दोनदा थांबून कॉफी झाली. तिचं म्हणणं, मी शिवायला जायचे तो ब्लाउजचा कारखाना बंद पडला तेव्हाच मी डोंगर उतरायला हवा होता. कोळशाच्या गावात आता राहिलंय काय, चर्च आणि दवाखाना.

व्हर्नाबाई ड्रेसबाख अंगणातच उभ्या होत्या. साठीच्या, काटकुळ्या, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल घट्ट बांधलेला. घरात मालकीण त्याच आणि उद्यापासून कारखान्यात माझ्या सुपरवायझरही त्याच. अल्डोना हळूच म्हणाली, म्हणजे आता घोरायचं तेसुद्धा शिस्तीत बरं का, रेजिना.

खोली वरच्या मजल्यावर, मक्याच्या कापलेल्या शेतांकडे उघडणारी. जेवायला जाड शेवया घातलेला कोंबडीचा रस्सा, बीटात मुरवलेली लालबुंद अंडी आणि शेवटी काकवीचा केक, तोही गरम. व्हर्नाबाईंचं लक्ष सारखं माझ्या कपाळावरच्या पांढऱ्या बटेकडे जात होतं. रंगवत नाहीस ना, असं त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर खूश झाल्या. म्हणाल्या, छान, देवानं दिलेलं झाकू नये. निघताना अल्डोना कुजबुजलीच, की मग स्वतः जेवतानाही रुमाल का सोडत नाहीत? तिला सगळ्यांत खोट दिसते. मला मात्र हे घर आवडलं.

४ ऑक्टोबर, बुधवार

काम म्हणजे डोळ्यांचं आणि श्वासाचं. समोर सोन्याचा मुलामा दिलेली डबी, आगपेटीच्या निम्मी. दोन्ही बाजूंना पाय, उताणा पडलेला किडाच जणू. तिच्या पोटात लेसर, मोहरीहून बारीक. शेपटीकडून काचेचा धागा आत येतो. त्याचं टोक लेसरच्या तोंडासमोर नेमकं धरायचं आणि डाख द्यायचा. मग त्या धाग्यातून लोकांचे फोन धावतात, गावातल्या गावात आणि समुद्राखालून पार युरोपातही. ऐकायला सोपं. पण केसाच्या शंभराव्या भागाइतकं इकडेतिकडे झालं तरी उजेड धाग्यात शिरत नाही. तो उजेड डोळ्यांना दिसतच नाही. मीटरवरचा आकडा म्हणेल तेच खरं. मायक्रोस्कोपवर वाकायचं, श्वास धरायचा, चाक हलवलं न हलवलंसं करायचं. आकडा चढतो, चढतो, आणि डाख थिजताना धागा कणभर सरकला की धाडकन खाली.

शेजारच्या टेबलावर मिलाग्रोस. मूळची दूर बेटावरच्या पोन्सेची, हसली की मास्कमधून गाल वर येतात. माझं तोंड उतरलेलं पाहून म्हणाली, नवरा काय आणि धागा काय, फार दाबून धरलास की सरकणारच.

खोलीत सगळ्यांत मोठं पाप म्हणजे केस. एक केस डबीत गेला की डबी बाद. टोपीवर टोपी, तिच्यावर झग्याचं टोपडं. दारात व्हर्नाबाई स्वतः प्रत्येकीच्या टोपड्याच्या कडेनं बोट फिरवून बघतात.

९ ऑक्टोबर, सोमवार

माझ्या डब्या जमत नाहीत. कमी आकड्याच्या निघतात. पण त्याचं कोणाला काही वाटत नाही, हेच नवल. बाद डब्या एका थाळीत ठेवायच्या आणि थाळी व्हर्नाबाईंच्या काचेच्या खोलीत द्यायची. काच दुधी आहे. दुसऱ्या दिवशी त्याच डब्या झाकण बसवून बाहेर येतात आणि आकडा असा की इंजिनिअर लोक डोकं खाजवतात. कारखान्यातल्या कामाच्या बाकीच्या ओळींत निम्मा माल कचऱ्यात जातो, आमच्या ओळीत जवळजवळ नाहीच. त्या खोलीत त्या करतात तरी काय, असं मिलाग्रोसला विचारलं. ती म्हणाली, बाई गं, ओळ चालू आहे ना? मग चालू दे.

माझ्या जागेवर आधी लोरेटा नावाची बाई बसायची. ती उन्हाळ्यात गेली. कुठे, असं जेवणाच्या सुट्टीत विचारलं तर सगळ्याजणींना एकदम आपापल्या डब्यांतलं सँडविच फार महत्त्वाचं वाटायला लागलं.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज व्हर्नाबाईंनी माझे केस विंचरून दिले. मी नको नको म्हणत होते, पण खरं सांगते, आई गेल्यापासून माझ्या डोक्याला कोणाचा हात लागलेला नव्हता. डोळेच मिटले माझे. त्या हळू आवाजात विचारत राहिल्या, मी सांगत गेले. ही बट कधीची? शाळेपासूनची. घरात आणखी कोणाची? बाबांचं सगळं डोकं पांढरं होतं. खाणीत छत कोसळून ते आत अडकले होते. काळे केस घेऊन आत गेलेला माणूस बाहेर आला तो बर्फासारखा. आईनं ओळखलंच नाही.

कंगवा थांबला. भीतीनं? असं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, लोक तसंच म्हणतात. मग त्या नुसत्या विंचरत राहिल्या.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

लहानशी गोष्ट आहे, पण लिहून ठेवते. माझा ब्रश रोज स्वच्छ असतो. आधी वाटलं, मीच केस काढून टाकते आणि विसरते. पण न्हाणीच्या जाळीवरही एक केस नाही. उशीवर नाही. माझे केस मूठमूठ गळतात, आयुष्यभर जाळ्या साफ करत आलेय मी.

बाई टापटिपीच्या आहेत, झालं. पण माझ्या खोलीत त्या येतात कधी?

२२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी भांडी घासताना रेडिओ ऐकू आला. एक माणूस कोणाला तरी सांगत होता, की टायर पंक्चर झालाय, पोरांना तू शाळेतून आण. मग एक बाई आणि डॉक्टर. डॉक्टर सांगत होता की रिपोर्ट चांगला नाही, आणि ती नुसतं बरं, बरं म्हणत होती. मी भांडं ठेवून रेडिओ बंद करायला गेले.

रेडिओ बंद होता. व्हर्नाबाई चर्चला गेलेल्या. शेजारचं घर शेतापलीकडे.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

मी मायक्रोस्कोपवर वाकलेली. काचेच्या खोलीत व्हर्नाबाई. एकाएकी कपाळाच्या डाव्या बाजूला, बटेच्या मुळाशी, ऊब आली. कोणीतरी आत दिवा लावावा तशी. चटका नाही, पण माझी नाही अशी. मान वर केली. दुधी काचेमागे व्हर्नाबाईंची सावली, हात टेबलावरच्या बटणाशी. त्यांनी बटण बंद केलं. ऊब गेली. पुन्हा चालू केलं. आली.

त्यांनी मान वळवली. काचेतून चेहरा दिसत नाही, पण मला खात्री आहे, त्या माझ्याकडेच बघत होत्या.

मिलाग्रोसला म्हटलं, डोकं दुखतंय. ती म्हणाली, लोरेटाचंही दुखायचं. आणि लगेच आपल्या मायक्रोस्कोपवर वाकली.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

बाद डब्यांवर खूण करायची निळी शाई असते, धुतली तरी जात नाही. शनिवारी मी बटेतले थोडे केस त्या शाईत भिजवून ब्रशमध्ये अडकवून ठेवले होते. संध्याकाळपर्यंत ब्रश स्वच्छ.

आज काचेच्या खोलीतून थाळी बाहेर आली. दोन डब्यांना अजून झाकण नव्हतं. व्हर्नाबाई इतक्या नेटक्या, त्यांच्या हातून झाकण कसं राहिलं? तेव्हा सुचलं नाही. एक डबी मायक्रोस्कोपखाली धरली.

लेसरच्या तोंडासमोर काचेचा धागा नव्हता. धागा मागे थांबलेला, आणि त्याच्या आणि लेसरच्या मध्ये एक केस. निळा. दोन्ही टोकं सफाईनं कापलेली, माझ्या कात्रीनंही कापली नसती अशी.

मी लेसर चालू केला. कपाळात ऊब. आणि तो केस वळला. खिडकीतली कुंडी फिरवून ठेवली की रोपटं जसं सावकाश उजेडाकडे वळतं, तसा. टोकानं हुंगल्यासारखं केलं, थांबला. मीटरचा आकडा आमच्यापैकी कोणालाच कधी मिळाला नाही तिथे जाऊन स्थिर झाला.

घरी दारात पोरं भुतांचे मुखवटे घालून चॉकलेट मागत होती. व्हर्नाबाई प्रत्येकाचं कौतुक करत होत्या.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

आवाज आता रोज. काम करताना, दात घासताना. माल पोहोचला की लगेच तारांना जोडतात, थांबायला कोणाला वेळ नाही.

काल त्यात एक ओळखीचा आवाज आला. मिलाग्रोसचा. तिच्या भाषेत, रडत. एक नाव पुन्हा पुन्हा.

सकाळी तिला विचारलं, नेरेइदा कोण? तिच्या हातातला कप तिथेच राहिला. नेरेइदा तिची पोन्सेची मावशी, मरायला टेकलेली. हे तिनं इथे कोणालाच सांगितलेलं नाही. स्वतःच्या स्वयंपाकघरातून, दार लावून फोन केला होता. म्हणाली, तू ऐकतेस कशी माझं? दाराशी उभी होतीस? शपथेवर सांगितलं तेव्हा ती भिंतीला टेकली. लोरेटानंही तिला असंच एकदा विचारलं होतं, तिच्या नवऱ्याच्या नोकरीबद्दल. तिनं तेव्हा लोरेटाशी बोलणं तोडलं.

म्हणाली, रविवारी तुला लोरेटाकडे नेते. पण माझं नाव कुठे घेऊ नकोस. माझ्या घरात खाणारी तीन तोंडं आहेत.

५ नोव्हेंबर, रविवार

लोरेटा एका सरकारी शुश्रूषागृहात आहे. खिडकीशी खुर्ची. वयानं माझ्यापेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठी. डोकं तासलेलं, वर पांढरे खुंट. ती बोलत होती, थांबतच नव्हती. हो, ब्रेडही आण. नाही, साहेब मीटिंगमध्ये आहेत. आई, मी पोहोचले. मला सोडून जाऊ नकोस, ऐक ना. एकेक वाक्य वेगळ्या माणसाचं, वेगळ्या सुरातलं. तिचं स्वतःचं त्यात एकही नव्हतं.

मी तिचा हात धरला, नाव घेऊन हाक मारली. क्षणभर ती माझ्याकडे बघायला लागली, मग माझ्या बटेकडे. आणि कोणाच्याही नाही अशा आवाजात, घोगऱ्या, म्हणाली, काप.

नर्स सांगत होती, एकच माणूस भेटायला येतं. डोक्याला रुमाल बांधणाऱ्या बाई. दर रविवारी दुपारी. येतात, प्रेमानं डोकं पुसतात, वाढलेलं कापून नेतात. म्हणतात, अजून उगवतात, तेवढंच बरं.

आम्ही मागच्या दारानं निघालो. पुढच्या आवारात व्हर्नाची गाडी वळत होती.

८ नोव्हेंबर, बुधवार

दार आतून लावते. सकाळी कडी जागेवर असते आणि ब्रश स्वच्छ असतो.

मिलाग्रोस आता माझ्या शेजारी बसत नाही. टेबल बदलून मागितलं तिनं. जेवताना कोणी माझ्याजवळ फोनबद्दल बोलत नाही. सगळ्यांना माहीत होतं का? मी आले त्याच दिवशी ह्यांनी माझं डोकं बघितलं होतं का?

आरशात पाहिलं. उजवीकडेही एक बट पांढरी झालीय.

१२ नोव्हेंबर, रविवार

विचारलं. समोर बसून, दिवसाउजेडी, स्वयंपाकघरात.

व्हर्ना रागावली नाही. कॉफी ओतली, दूध पुढे केलं आणि डोक्याचा रुमाल सोडला. आत काही नाही. एकही केस नाही, भुवईच्या वरपासून मानेपर्यंत गुळगुळीत. म्हणाली, आधी माझेच वापरले, पोरी. एकदा चुकून पडला डबीत. बाद म्हणून फेकणार होते तर आकडा बघितला. पांढराच लागतो. काळ्यातून उजेड जात नाही.

मी म्हटलं, तुम्ही मला मारताय. ती म्हणाली, मारत कुठे? ओळ बंद पडली तर आशियात जाईल, आणि ह्या बाराजणी जातील कुठे? तुझी मिलाग्रोस जाईल कुठे? तुला ब्लाउजचा कारखाना आठवतो ना?

मग हळूच म्हणाली, की नवरा, एमरी, गेल्यानंतर हे घर खायला उठायचं. आवाज यायला लागले तेव्हा ती पहिल्यांदा शांत झोपली. सवय होते म्हणे. सगळं जग सोबतीला येतं. तिचे आवाज आता थोडेच उरलेत, जुन्या डब्या एकेक करून विझतात. हे सांगताना तिचे डोळे भरले. खरंच भरले.

सगळ्यांत भीती मला त्याचीच वाटली.

१३ नोव्हेंबर, सोमवार

पहाटे डोक्यात तिचा आवाज. खालच्या मजल्यावरून फोनवर, कोणा पुरुषाशी. हो, झाकण मुद्दामच उघडं ठेवलं. कळू दिलं तिला. घाबरली की लवकर पिकतात, बापाचेही तसेच पिकले. दोन्ही बाजू झाल्यात, मागचे बाकी आहेत.

म्हणजे ब्रशही. कडीही. सगळं मला दिसावं म्हणूनच—

मिलाग्रोसच्या दारात गेले. ती आत घेईना. मी रडले. तिनं फटीतून नवऱ्याचं केस कापायचं मशीन दिलं आणि दार लावलं. तिच्याच मागच्या अंगणात सगळे केस काढले. पिंपात घालून जाळले, शेवटची ठिणगी विझेपर्यंत उभी राहिले. खिडकीच्या पडद्याआड मिलाग्रोस उभी होती. निरोपाचा हात वर केला तिनं.

बॅगही न घेता, ही वही तेवढी घेऊन बस पकडली.

१५ नोव्हेंबर

अल्डोनाकडे. तिनं मला बघून किंकाळी फोडली. सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मान हलवत होती, माझ्या पाठीवर हात फिरवत होती. शेवटी म्हणाली, सूप गरम करते.

तिचा विश्वास नाही. तिच्या हातावरून कळलं.

१८ नोव्हेंबर

जाळले त्यांचा उपयोग काय. गेले ते गेलेले आहेत. डब्यांत, समुद्राखाली. तिथे माझा हात पोचत नाही.

आवाज वाढलेत. एकावर एक. मुलगा झाला— सही करा— मी तुला कधीच— बाबा उचलत नाहीयेत फोन—

अल्डोना काही विचारते ते त्यातून निवडून काढावं लागतं. आज दोनदा चुकीचं उत्तर दिलं. तिनं डॉक्टर आणला. गोळ्या.

२१ नोव्हेंबर

न घाबरायचं ठरवलंय. घाबरले नाही तर व्हर्नाला काही मिळणार नाही. अल्डोनाच्या शिवणयंत्रावर बसते. सरळ टीप मारते. मी रेजिना बालचूनस. वय छत्तीस. मी रेजिना. हो, ब्रेडही—

नाही. ते माझं नाही.

२३ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

टर्की होती. अल्डोनाची पोरं माझ्याकडे बघत नव्हती. मी प्रार्थना म्हणायला तोंड उघडलं आणि कोणा बाईचा गाडीच्या विम्याचा नंबर म्हणाले. सबंध.

अल्डोना उठून आत गेली. नळ सोडून रडली. नळ सोडला तरी मला—

२४ नोव्हेंबर

अल्डोना स्वयंपाकघरात फोनवर आहे. भिंतीतून कानांना पुसट. डोक्यात त्याआधी, स्वच्छ.

पलीकडे व्हर्ना.

अल्डोना म्हणतेय, तुमचे उपकार कसे फेडू, इथे नुसत्या गोळ्या देतात. हो, लोरेटा आहे तिथेच ना, तुम्ही स्वतः बघणार म्हणताय तर माझी काळजी—

ती माझ्यावर प्रेम करते म्हणून करतेय हे. मी ओरडले तर तिची आणखी खात्री पटेल. ओरडले नाही तर—

व्हर्ना केसांचं विचारतेय.

अल्डोना म्हणतेय, काय सांगू बाई, उगवायला लागलेत परत. जेमतेम खुंट. पण सगळेच्या सगळे पांढरे. माझ्या बहिणीचं काय झालं हो हे.

व्हर्ना म्हणतेय, रडू नका. मी गाडीतूनच बोलतेय. तुमच्या दारातच आहे.

खुर्ची सरकली. ही कानांनी ऐकली.

अल्डोना, नको. अल्डोना, दार न